पवनेचं पाणी आणि बिलियनची दोन कमळं

जुलै उजाडला की पवनानगरच्या बाजारपेठेत दोन प्रश्न सतत कानावर पडतात. धरण किती भरलं? आणि पाणी सोडलं का? पहिल्याचं उत्तर टक्क्यांत येतं, दुसऱ्याचं क्युसेकमध्ये. दोन्ही उत्तरांच्या मागे मात्र एकच आकडा असतो, पवना धरणाच्या साठ्याचा, तो म्हणजे साडेआठ टीएमसी. वर्तमानपत्रं तो अधिक काटेकोरपणे ८.५१ असा छापतात. कामशेतकडून येणाऱ्या एसटीत, पिंपरीतल्या सोसायटीच्या बैठकीत आणि पुण्याच्या जलसंपदा कार्यालयात, सगळीकडे हाच आकडा चालतो.

टीएमसीचा विस्तार अनेकांना ठाऊक असतो. थाउजंड मिलियन क्युबिक फीट, म्हणजे हजार मिलियन घनफूट. आपण हे इतक्या सहज म्हणून जातो की त्यातला अवघडलेपणा जाणवतच नाही. शंभर हजाराला आपण 'शंभर हजार' म्हणतो का? लाख म्हणतो. मग हजार मिलियनसाठी इंग्रजीत 'बिलियन' हा सुटसुटीत शब्द तयार असताना धरणं मोजणाऱ्यांनी असा द्राविडी प्राणायाम का केला? 'बीसीएफ' म्हणायला काय हरकत होती?

हरकत होती, आणि ती साधीसुधी नव्हती. ज्या काळात ही मापं रुळली त्या काळात बिलियन हा शब्द छापला, तर त्याचा अर्थ वाचणाऱ्याच्या देशावर ठरायचा. अमेरिकेत बिलियन म्हणजे हजार मिलियन, एकावर नऊ शून्यं. ब्रिटनमध्ये बिलियन म्हणजे मिलियनचा मिलियन, एकावर बारा शून्यं. भाषा एक, स्पेलिंग एक, उच्चारही जवळपास एक, आणि अर्थात हजारपटीचा फरक! ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत एकावर नऊ शून्यं असलेल्या संख्येला म्हणूनच 'थाउजंड मिलियन' म्हणत. ब्रिटिश अमलातल्या अभियंत्यांनी घडवलेल्या आपल्या पाटबंधारे खात्याची बोलीही तीच झाली. १९२४ साली म्हैसूर संस्थान आणि मद्रास इलाखा यांच्यात कावेरीचा करार झाला, तेव्हा कृष्णराज सागराची क्षमता ४४ हजार ८२७ मिलियन घनफूट अशी लिहिली गेली. बिलियनच्या वाटेला कोणी गेलंच नाही.

आता थोडं गणित करू, कारण खरी गंमत तिथे आहे.

एक टीएमसी म्हणजे हजार फूट लांब, हजार फूट रुंद आणि हजार फूट उंच असा पाण्याचा घन. हजार गुणिले हजार गुणिले हजार. इतकी नीट आकृती असेल असं त्या ओबडधोबड नावावरून वाटत नाही. हजार फूट म्हणजे सुमारे ३०५ मीटर. पवना धरणाची भिंत आहे सुमारे ४२ मीटर उंच. म्हणजे एक टीएमसीचा घन त्या भिंतीशेजारी उभा केला तर तो तिच्या सातपट वर जाईल. असे साडेआठ घन तुंग, तिकोना आणि लोहगडाच्या मधल्या दरीत आडवे पसरले आहेत. बांधावर उभं राहून पाहिलं तर पाणी शांत, सपाट दिसतं. त्या सपाटीत २४,१०० कोटी लिटर पाणी आहे हे डोळ्यांना पटत नाही.

हाच आकडा 'साडेआठ बिलियन घनफूट' असा छापून आला असता आणि एखाद्या जुन्या वळणाच्या इंग्रज साहेबानं तो वाचला असता, तर त्याच्या डोळ्यांसमोर काय उभं राहिलं असतं? त्याच्या बिलियनचा घन दहा हजार फूट उंच. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराच्या जवळजवळ दुप्पट उंचीचा एक ठोकळा, आणि असे साडेआठ! टीएमसीत सांगायचं तर ८,५१० टीएमसी.

हा आकडा किती वेडगळ आहे हे कळायला कृष्णेकडे बघावं लागतं. पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला, मुळा-मुठा भीमेला आणि भीमा पुढे कृष्णेला. म्हणजे पवनानगरचं पाणी हे कृष्णा खोऱ्याचं पाणी. १९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादानं या संपूर्ण खोऱ्यात चारपैकी तीन वर्षं भरवशानं मिळेल असं पाणी मोजलं, ते भरलं २,०६० टीएमसी. त्यातले ५६० महाराष्ट्राला, ७०० कर्नाटकाला आणि ८०० तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला. तीन राज्यांची भांडणं, कज्जे आणि निवडणुका ज्या पाण्यावर झाल्या ते अख्ख्या कृष्णेचं पाणी २,०६० टीएमसी, आणि एका शब्दाचा अर्थ सरकला की एकट्या मावळातल्या धरणात त्याच्या चौपट! लवादाचं काम चाललं होतं त्याच सुमारास पवनेची भिंतही उभी राहत होती. अशा कागदांवर संशयाला जागा ठेवणारा शब्द कोण वापरेल?

बिलियनवर ही पाळी आणली कोणी? यात एकटे अमेरिकन दोषी, असं इंग्रजांना फार काळ वाटत आलं. प्रत्यक्षात मुख्य करणी फ्रेंचांची.

मिलियन हा मूळचा इटालियन. 'मिल्ले' म्हणजे हजार, त्याला मोठेपणाचा प्रत्यय लावून झालेला 'मोठा हजार'. १४८४ साली निकोला शुके नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं पुढच्या संख्यांची मांडणी केली. आकडे सहा-सहाच्या गटांत तोडायचे; मिलियनचा दुसरा घात तो बिलियन, तिसरा तो ट्रिलियन. बाय म्हणजे दोन, ट्राय म्हणजे तीन. नाव आणि गणित अगदी हातात हात घालून. शुकेचं हस्तलिखित छापून यायला १८८० साल उजाडलं, पण त्यातला ऐवज दुसऱ्यांच्या पुस्तकांतून आधीच पसरला होता. हाच तो बारा शून्यांचा बिलियन. त्याच्या आणि मिलियनच्या मधल्या नऊ शून्यांच्या संख्येला फ्रेंचांनी पुढे 'मिलियार' असं वेगळं नाव दिलं. इथपर्यंत सगळं स्वच्छ होतं.

मग सतराव्या शतकात फ्रान्समध्येच काही मंडळींनी सहा-सहाऐवजी तीन-तीनचे गट पाडायला सुरुवात केली आणि बिलियन खाली घसरून नऊ शून्यांवर आला. अमेरिकेनं हा फ्रेंच हिशेब उचलला. ब्रिटन जुन्यालाच चिकटून राहिलं. जर्मनीही तसंच. पुढचा अंक तर फार्समध्ये शोभेल असा आहे. फ्रान्सनं १९६१ साली सरकारी फर्मान काढून जुना, बारा शून्यांचा बिलियन पुन्हा अधिकृत केला. आणि त्यानंतर तेराच वर्षांनी, आयुष्यभर बारा शून्यांवर ठाम असलेल्या ब्रिटननं नऊ शून्यं पत्करली. दोघे जिन्यात एकमेकांना ओलांडून गेले, एक वर आणि एक खाली.

ब्रिटनचा तो दिवस नोंदला गेलेला आहे. २० डिसेंबर १९७४. रॉबिन मॅक्सवेल-हिस्लॉप या खासदारानं पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांना विचारलं की, मंत्र्यांनी बिलियन हा शब्द फक्त ब्रिटिश अर्थानं वापरावा याची ते काळजी घेतील का. विल्सन यांनी नकार दिला. जगभर हा शब्द हजार मिलियन याच अर्थानं चालतो, ब्रिटिश मंत्र्यांनी वेगळा अर्थ धरला तर गोंधळच होईल, असं त्यांचं म्हणणं. एका लेखी प्रश्नोत्तरात एका देशानं आपल्या एका शब्दातली तीन शून्यं पुसून टाकली! आपल्याकडे शुद्धलेखनातल्या एका अनुस्वारावरून केवढी रणं माजतात हे आठवलं की विल्सन यांचा हेवा वाटतो.

त्यानंतर बातम्यांच्या इंग्रजीत बिलियनचा अर्थ हळूहळू एकच उरला. पण इंग्रजीच्या कुंपणाबाहेर घोळ अजून चालूच आहे. जर्मन माणसाचा 'बिलिओन' आजही बारा शून्यांचा. १९२३ च्या नोव्हेंबरात जर्मन चलन कोसळलं तेव्हा एका डॉलरला ४.२ बिलिओन मार्क पडत. जर्मन बिलिओन, लक्षात घ्या. तोच आकडा लंडनच्या वाचकाच्या तेव्हाच्या भाषेत ४.२ बिलियन आणि न्यूयॉर्कच्या वाचकाच्या भाषेत ४.२ ट्रिलियन. तीच तारीख, तीच बातमी, तोच मार्क. स्पॅनिशमध्ये 'बियोन' म्हणजेही बारा शून्यं, त्यामुळे अमेरिकेतून आलेली 'बिलियन डॉलर'ची बातमी घाईत भाषांतरित केली की रक्कम हजारपट फुगते. हा अपघात इतका नेहमीचा की व्हेनेझुएलाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष राफाएल काल्देरा यांच्या सूचनेवरून १९९० च्या दशकात स्पॅनिश भाषेच्या अकादमीनं नऊ शून्यांसाठी 'मियार्दो' हा नवा शब्द कोशात घेतला. रात्रपाळीच्या उपसंपादकाची डुलकी आवरायला राष्ट्राध्यक्षाला मध्ये पडावं लागतं, ही गोष्ट मला फार आवडते.

आणि मराठी? मराठीत या सगळ्या धावपळीची गरजच नव्हती.

आपल्याकडे नऊ शून्यांच्या संख्येला नाव आहे, अब्ज. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० च्या सुमारास, संख्यांची जी उतरंड दिली आहे तिच्यात कोटीनंतर अर्बुद, मग अब्ज, मग खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध असे टप्पे येतात. प्रत्येक टप्पा आधीच्याच्या दसपट. शून्यं मोजत गेलं की कोटीला सात, अब्जाला नऊ, महापद्माला बारा.

पुन्हा बघा. अमेरिकेचा बिलियन म्हणजे अब्ज. ब्रिटनचा जुना बिलियन म्हणजे महापद्म.

आणि अब्ज म्हणजे काय? अप् म्हणजे पाणी. पाण्यात जन्मलेलं ते अब्ज, म्हणजेच कमळ. महापद्म म्हणजे मोठं कमळ. अटलांटिकच्या दोन काठांवर ज्या दोन संख्या एका नावासाठी दोनशे वर्षं भांडल्या, त्या दोन्हींना आपल्याकडे आठशे वर्षांपूर्वी कमळाची नावं होती, पण वेगवेगळ्या कमळांची! एक साधं, एक महा. घोटाळ्याला जागाच नाही. त्यात पवना धरणातलं पाणी ज्या संख्येत मोजायचं तिचं नाव 'पाण्यात जन्मलेलं' असावं, हा योगायोग आहे हे पक्कं माहीत असूनही तो पहिल्यांदा लक्षात आला तेव्हा मी वर्तमानपत्र बाजूला ठेवून दिलं. त्याच यादीत चौदा शून्यांच्या संख्येचं नाव जलधी, म्हणजे समुद्र. मोजता मोजता माणूस तळ्यातल्या कमळापासून समुद्रापर्यंत पोचतो.

फार शेफारूनही चालणार नाही. संख्यांची नावं घसरण्याचा रोग आपल्यालाही जडलेला आहे. भास्कराचार्यांचा अर्बुद आठ शून्यांचा, पण त्यातूनच आलेला हिंदीतला अरब नऊ शून्यांचा. मराठीचा खर्व दहा शून्यांचा, हिंदीचा खरब अकरा शून्यांचा. म्हणजे हिंदी वाहिनीवरचा 'खरब' ऐकून मराठी बातमीत 'खर्व' लिहिलं तर रकमेचा नव्वद टक्के भाग जागच्या जागी गायब. खर्व, निखर्व आता कोणी लिहीत नाही म्हणूनच केवळ आपण वाचलो आहोत. आणि महापद्म तर पार विस्मरणात गेलं. राज्याची अर्थव्यवस्था एक ट्रिलियन डॉलरची करायची अशी घोषणा होते तेव्हा मराठी वर्तमानपत्रं 'एक लाख कोटी डॉलर' असं लिहितात. बारा शून्यं. तोच ब्रिटिशांचा सोडून दिलेला बिलियन, तेच महापद्म, आता लाख आणि कोटी यांचा जोडा घालून हिंडतं आहे. थाउजंड मिलियनला हसताना हे जरा आठवावं.

खरं तर धरणाच्या बातम्या जिल्हावार वाचल्या तर महाराष्ट्रात पाणी मोजायच्या निदान चार बोलीभाषा आढळतात. पुणे, सातारा, सोलापूर ही टीएमसीची मंडळी. अहिल्यानगर, नाशिककडे गेलात की आकडे एकदम हजारात जातात: भंडारदरा ११,०३९, मुळा २६,०००. घाबरायचं कारण नाही, ते दलघफू आहेत, म्हणजे दशलक्ष घनफूट. तीन घरं मागे या की टीएमसी होतात. मराठवाड्यात दलघमी जास्त भेटतात, दशलक्ष घनमीटर. १९५० च्या दशकात देशानं मीटर स्वीकारला, सरकारी तक्त्यांत तो आलाही, पण बोलण्यातून फूट हटला नाही. ('दलघमी' हा शब्द कुणी मोठ्यानं वाचला की मला हमखास एखाद्या डोंगरावरच्या जागृत देवस्थानाचा भास होतो.)

आणि मुंबईचा थाट निराळाच. तिथे सातही तलाव भरले की साठा छापला जातो १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. लाख दशलक्ष! आपली लाख-कोटींची चौकट आणि साहेबाचा मिलियन एकाच संख्येत शेजारी-शेजारी. भल्याभल्यांना हा आकडा वाचून काही म्हणजे काही बोध होत नाही. त्याचे टीएमसी केले तर होतात ५१. म्हणजे फक्त सहा पवना. एवढ्या मोठ्या मुंबईची वर्षभराची तहान आपल्या मावळातल्या धरणाच्या सहापट साठ्यावर भागते. चौदा लाखांच्या आकड्यानं जे सांगितलं नाही ते सहाच्या आकड्यानं एका क्षणात सांगितलं.

मिलियनच्या त्या एम अक्षराचंही प्रकरण आहे. टीएमसीतला एम मिलियनचा. पिंपरी-चिंचवडला रोज मिळणारं पाणी 'एमएलडी'त मोजतात, तिथेही एम मिलियनचा, दिवसाला दशलक्ष लिटर. पण अर्थपानावर नैसर्गिक वायूचा भाव 'एमएमबीटीयू'त येतो, तिथे एकेक एम हजाराचा, रोमन अंकांतला. हजार गुणिले हजार, म्हणून दोन एम मिळून एक मिलियन. एकाच अंकात पान तीनवर एम म्हणजे दहा लाख आणि पान अकरावर एम म्हणजे हजार.

उरली खुद्द टीएमसी ही तीन अक्षरं. पवनानगरात तिचा अर्थ पाणी. कोलकात्यात ती अक्षरं म्हणजे तृणमूल काँग्रेस. ठाण्यात इंग्रजी वर्तमानपत्र वाचत असाल तर ठाणे महापालिका, आणि परळला डॉक्टर बोलत असतील तर टाटा मेमोरियल सेंटर. 'टीएमसीत मोठी घट' असं शीर्षक आलं तर ते उजनीबद्दल आहे की बंगालच्या निकालाबद्दल, हे शेजारचे शब्दच सांगतात. या घोटाळ्यानं कुणाचं फारसं बिघडत नाही. संदर्भ इतके लांबलांबचे आहेत की डोकं आपोआप योग्य तो अर्थ उचलतं. बिलियनचं तसं नव्हतं. तिथे दोन्ही अर्थ संख्याच, दोन्ही प्रचंड, आणि वाक्याच्या आजूबाजूला कोणता खरा हे सांगणारं काहीच नाही. शब्दाचे अर्थ अगदी वेगळे असले तर तो निरुपद्रवी असतो. धोका असतो तो जवळजवळ सारख्या अर्थांत.

असाच जवळचा घोटाळा पवनेच्या आकड्यात आजही दडलेला आहे. ८.५१ हा धरणाचा उपयुक्त साठा. एकूण पाणी त्याहून जास्त मावतं, पावणेअकरा टीएमसीच्या आसपास. मधला फरक मृत साठ्याचा, जो दारांच्या खाली राहतो. बातमीत 'धरण शंभर टक्के भरलं' असं येतं ते उपयुक्त साठ्याच्या हिशेबानं, आणि 'धरणात वीस टक्के पाणी' म्हणजेही उपयुक्तच्या वीस टक्के. उजनीत या भेदानं नाट्य घडतं. तिथे मृत साठा सुमारे ६३ टीएमसी, उपयुक्त साठ्याहूनही मोठा, त्यामुळे उन्हाळ्यात आकडा शून्याच्या खाली जातो आणि 'उणे' टक्क्यांच्या बातम्या येतात. धरणात साठ टीएमसी पाणी आणि टक्केवारी उणे! बाहेरच्या माणसाला हे कोडं वाटावं. पवनेचं इतकं टोकाला जात नाही. पाणी खूप खाली गेलं की एरवी बुडालेलं वाघेश्वराचं जुनं मंदिर उघडं पडतं आणि लोक दर्शनाला जातात.

मावळात हे आकडे वहीतले आकडे नाहीत. पिंपरी-चिंचवड महापालिका रावेतच्या बंधाऱ्यावर पवनेतून रोज पाचशे एमएलडीच्या आसपास पाणी उचलते. वर्षाचा हिशेब केला तर सुमारे साडेसहा टीएमसी. हे पाणी धरणातून नदीपात्रात सुटतं आणि वाटेतल्या गावांच्या शेतांजवळून वाहत रावेतला पोचतं. ते बंद जलवाहिनीतून थेट निगडीला न्यायची योजना आली तेव्हा मावळातला शेतकरी रस्त्यावर उतरला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. साडेआठातून साडेसहा गेले तर उरतं किती, हे गणित इथे कुणाला शिकवावं लागत नाही. म्हणूनच आकडा कशाचा आहे, उपयुक्त की एकूण, टीएमसी की एमएलडी, हे बातमीत स्पष्ट लिहिणं हा हौसेचा भाग नाही.

माझं मत विचाराल तर टीएमसी आता काढून टाकायच्या भानगडीत पडू नये. ती मराठी झाली आहे; 'साडेआठ टीएमसीचं धरण' हे शुद्ध मावळी वाक्य आहे. फक्त धरणसाठ्याच्या चौकटीखाली एकदा 'अब्ज घनफूट' असं लिहावं. काही वर्तमानपत्रं अधूनमधून तसं लिहितातही. आणि मुंबईच्या लाख दशलक्षांशेजारी कंसात टीएमसी द्यावेत. एवढ्यानं नाशिकचा वाचक पुण्याचं पाणी आणि पुण्याचा वाचक मुंबईचं पाणी एका नजरेत तोलू शकेल.

तोवर एक किल्ली वाचकानं स्वतःजवळ ठेवावी. विसर्ग क्युसेकमध्ये देतात, म्हणजे सेकंदाला इतके घनफूट. (विसर्ग हाही दोन अर्थांचा शब्द, एक धरणाच्या दारातून बाहेर पडतो आणि दुसरा 'दुःख'मध्ये दोन टिंबं होऊन बसतो, पण त्यात शिरलो तर लेख संपणार नाही.) दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यामुळे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालला की बरोबर एक टीएमसी पाणी जातं. बातमीतला क्युसेकचा आकडा ११,५७४ नं भागा, दिवसाचे टीएमसी हातात येतात. पवनेतून पाच हजार क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालू राहिला तर ०.४३ टीएमसी, म्हणजे धरणाचे पाच टक्के.